मदत हवी आहे: एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी विषाणूचं अँटिजन) शोधणाऱ्या एलायझा प्लेटवर एकाच आडव्या ओळीत पाच रिअ‍ॅक्टिव्ह (पॉझिटिव्ह दिसणारे)

पेढीतला_नवखा
सांगलीतली रक्तपेढी. तासगाव तालुक्यातल्या गणेश मंडळाच्या शिबिराच्या ८४ पिशव्या आहेत. प्लेटची मांडणी अशी: ए१ ब्लँक, बी१ आणि सी१ निगेटिव्ह, डी१ पॉझिटिव्ह कंट्रोल, ई१ पासून अकराव्या स्ट्रिपच्या (आठ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, उभ्या पट्टीच्या) शेवटापर्यंत नमुने. कट-ऑफ (याच्या वर गेला तो रिअ‍ॅक्टिव्ह) ०.१० आला. बी५ ची ओडी (रिडरने मोजलेली रंगाची तीव्रता) ३ च्या वर. शिवाय ई३, ई४, ई७, ई९, ई१० रिअ‍ॅक्टिव्ह, ओडी ०.११ ते ०.१८. कंट्रोल सगळे पास. डेंग्यूचे दिवस, प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. हे पाच नमुने रॅपिड कार्डावर निगेटिव्ह आले तर पिशव्या सोडता येतील का?

टिपकागद
कार्डावर पिशवी सोडू नका. कार्ड एलायझापेक्षा कमी संवेदनशील असतं, थोडं अँटिजन असलेला नमुना त्यावर निसटतो. आधी सांगा, ई ओळीतल्या उरलेल्या सहा नमुन्यांची ओडी किती? आणि बाकी ओळींची?

पेढीतला_नवखा
ई मधले सहा ०.०६ ते ०.०९. बी५ सोडून बाकी सगळे ०.०१ ते ०.०२.

टिपकागद
मग वॉशरची (प्लेट धुणाऱ्या यंत्राची) पाचवी नळी बघा. आठ नळ्यांच्या वॉशरवर ई म्हणजे पाचवी. बी५ चा शिंतोडा असता तर ए५, सी५, बी४, बी६ या शेजाऱ्यांवर दिसला असता. नळी अर्धवट तुंबली की वेलमध्ये थेंब उरतो, त्यात काँजुगेट (एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी) राहतं. टीएमबी (एन्झाइममुळे रंग धरणारं रसायन) घातलं की तो निळा होतो, ॲसिड पडलं की पिवळा, आणि ४५० नॅनोमीटरला रिडर त्याला पॉझिटिव्ह म्हणतो. तुमचे कंट्रोल ए ते डी मध्ये बसलेत, म्हणून निवांत पास झाले!

खात्री अशी करा. रिकाम्या स्ट्रिप लावा, वेलमध्ये ३०० मायक्रोलिटर रंगीत पाणी भरा आणि फक्त ओढून घ्यायची सायकल चालवा. ई मध्येच थेंब उरला तर दोष सापडला. कारण बहुधा वाळलेलं वॉश बफर: दिवसअखेर डिस्टिल्ड वॉटरने फ्लश केलं नाही की मीठ नळीच्या तोंडाशी धरतं. बारीक तार फिरवा, फ्लश करा, मग परत रंगीत पाणी. शेवटच्या धुण्यानंतर प्लेट टिपकागदावर उलटी ठोकायला विसरू नका.

लाल_शिक्का
नळी सापडली तरी फक्त पाच नमुने परत लावू नका. हवे तेवढेच निवडून परत तपासायचे ही वाईट सवय. रंगीत पाण्याचा निकाल रजिस्टरला लिहा, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने रन रद्द करा, मग सगळे ८४ पुन्हा. रिअ‍ॅक्टिव्ह येईल तो त्याच नमुन्याच्या ट्यूबमधून आणि पिशवीच्या सेगमेंटमधून (पिशवीला जोडलेल्या नळीच्या सीलबंद तुकड्यातून) डुप्लिकेट लावा. दुरुस्तीनंतरही ई मधला एखादा कट-ऑफच्या वर राहिला तर ती पिशवी टाकायचीच. नव्या लागणीत एचबीएसएजी दिसायला महिनाभर लागू शकतो, त्यामुळे हलकी ओडी म्हणजे खोटी ओडी असं धरून चालत नाही. तोवर सगळ्या पिशव्या कुलपातल्या क्वारंटाइनमध्ये, प्लेटलेटसुद्धा. एखाद्या पिशवीची मुदत संपली तर संपू द्या.

पेढीतला_नवखा
आणि मंडळाचे अध्यक्ष विचारतायत, ‘कुणाचं रक्त खराब निघालं?’

लाल_शिक्का
अध्यक्षांना काही नाही. बी५ फेरतपासणीत पक्का झाला की त्या दात्यालाच पेढीत बोलवा, फोनवर निकाल सांगू नका. ‘तुम्हाला कावीळ आहे’ असंही म्हणू नका. चाळणी तपासणीत दिसलंय, पुढची तपासणी करायची आहे, एवढंच. विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्याच्या सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत. घरच्यांची तपासणी करा, निगेटिव्ह असतील त्यांना लस: ०, १ आणि ६ महिने. दात्याने पुन्हा रक्तदान करायचं नाही, हे मात्र स्पष्ट सांगा.

पेढीतला_नवखा
रंगीत पाणी चालवलं, थेंब ई मध्येच राहतोय. तारेला पांढरी कणी लागून आली. फ्लश केल्यावर थेंब राहत नाही. सकाळी ८४ परत लावतो, या वेळी एक जादा निगेटिव्ह कंट्रोल ई मध्ये.