विद्यापीठ शेजारी असलं की : दापोली, लोणेऱ्याकडचे व्यवहारातले अनुभव

दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र. अशा गावांत राहणाऱ्यांनी इथे लिहावं. आठवणी नकोत. काय, कधी, कसं करायचं आणि कुठे अडतं, तेवढंच हवं.

कलमं नेणाऱ्यांसाठी (दापोली)

पाऊस पडल्यावर रोपवाटिकेत गेलात तर हवी ती जात मिळेलच असं नाही. आधी चौकशी करून मागणी नोंदवा. हापूसबरोबर रत्ना आणि सिंधूही विचारा. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, सिंधूची कोय अगदी पातळ. काजूत वेंगुर्ला ४ आणि ७ जास्त चालतात.

कलम हातात घेतलं की जोड बघा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर खोड जाड होताना तिथेच आवळलं जातं आणि दोन वर्षांनी वाऱ्यात तिथूनच मोडतं. लावताना जोड मातीच्या वर ठेवा. जोडाखालून आलेले फुटवे ताबडतोब काढा, नाहीतर रायवळ वाढेल आणि हापूस मरेल. पावती जपून ठेवा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कलमं शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतलीच लागतात आणि ते पावतीवरूनच सिद्ध होतं.

वरच्याला जोडून

खड्डे एप्रिल-मेमध्येच मारा, आंब्याला एक मीटर लांब, रुंद, खोल. जांभ्या कातळात जूनमध्ये खणायला घेतलंत तर पाणी भरतं, मग भरलेली माती खचते आणि कलम खाली बसतं.

खोल्या भाड्याने देणारे (लोणेरे)

गावात सगळं तोंडी चालतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवायचा असं भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं. नोंदणी नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, घरमालकाचं नाही. अकरा महिन्यांचा करार करा, पोलीस ठाण्यात माहिती द्या.

करारात कोणी लिहीत नाही अशा दोन गोष्टी आवर्जून लिहा. पहिली पाणी. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते, नेमक्या त्याच वेळी परीक्षा असतात. टँकर आणावा लागला तर पैसे कोणी द्यायचे ते आधीच ठरलेलं असू दे. सहा मुलं असतील तर रोज किमान सहाशे लिटर धरा. दुसरी मे महिन्याची सुट्टी. सामान खोलीत ठेवून मुलं घरी गेली तर भाडं पूर्ण, अर्धं की काहीच नाही?

आणि एक पडवी छपराखाली दोऱ्या बांधून कपड्यांसाठी मोकळी ठेवा. जून ते सप्टेंबर खोलीत ओले कपडे टांगले की भिंतीला बुरशी धरते, आणि रंगाचा खर्च भाड्यातून निघत नाही.

खानावळ

विदर्भ-मराठवाड्यातली मुलं भातावर पोट भरत नाहीत. पोळ्यांचा अंदाज वाढवा, भाताचा कमी करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे महिन्याचा दर ठरवताना या दोन महिन्यांत ताज्या माशाऐवजी काय देणार ते सांगून टाका. गणपतीत कामाच्या बायका आपापल्या घरी जाणारच, त्यांना अडवू नये. बंदच्या तारखा महिनाभर आधी फळ्यावर लिहा आणि तेवढ्या जेवणांचे पैसे वळते करा. लांबच्या मुलांना पाच दिवसांसाठी घर गाठणं परवडत नाही. त्यांना गावातल्या घरांनी पानावर बोलवावं, यासारखं दुसरं काही नाही.

'रावे'ची मुलं गावात येतात तेव्हा

'रावे' म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं त्यासाठी गावात राहून काम करतात. ग्रामपंचायती बहुतेक वेळा सत्कार करतात, गावाच्या नकाशाच्या रांगोळीचा फोटो काढतात आणि विषय संपतो. त्यांच्याकडून काम मागा.

भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया (१० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेलं पळिंज म्हणजे पोचट बी काढून टाकायचं, उरलेलं दोनदा धुऊन सावलीत सुकवायचं) पेरणीआधीची आहे. मुलं उशिरा आली तर दाढ (लावणीसाठी वाफ्यात टाकलेली भाताची रोपं) उगवलेली असते आणि प्रात्यक्षिक फुकट जातं. तेव्हा लावणीतलं काम धरा. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा करायच्या. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांमध्ये (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपं) युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या लागतात. गोळी वरवर राहिली तर खत पाण्याबरोबर वाहून जातं. एका घराचे पाच गुंठे पूर्ण करून घ्या, पुढच्या वर्षी शेजारी आपण होऊन विचारतात.

आंब्याची बाग कराराने दिलेली असेल तर

विद्यापीठाचं मार्गदर्शन मालकाला मिळतं, पंप मात्र कंत्राटदाराच्या हातात असतो. पॅक्लोब्युट्राझॉल (पालवी रोखून मोहोर आणणारं औषध, सगळे कल्टार म्हणतात) झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्ट, बुंधा आणि फांद्यांचा घेर यांच्या मधल्या वर्तुळात २५-३० भोकांतून, ही शिफारस आहे. आधी तण काढलेलं हवं. दोन-तीन वर्षांचाच करार असेल तर कंत्राटदार डोस वाढवतो आणि खत टाळतो. पालवी आखडते, झाड दमतं, आणि तोपर्यंत करार संपलेला असतो. म्हणून मात्रा आणि शेणखत दोन्ही करारपत्रात लिहा, आणि शेतकरी मेळाव्याला कंत्राटदारालाच घेऊन जा.

वणवा

विद्यापीठाच्या काजूला लागून ज्यांचं माळरान आहे त्यांनी गवत कापणी झाल्यावर, डिसेंबरच्या आतच, हद्दीवर तीन-चार मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे गवत नसलेला पट्टा, काढावी. अर्धी बाजू विद्यापीठाच्या मजुरांनी, अर्धी वाडीने, एकाच दिवशी. फेब्रुवारीपासून दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजायला सुरुवात होते. भाजणी सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत उरकायची, पाण्याची हंडी आणि ओल्या डहाळ्या हाताशी ठेवून, आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरच्या माणसाला आदल्या दिवशी सांगून. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की जाळरेषाही पुरत नाही.