लहान पोरांपासून टीव्ही कसा सांभाळायचा? एक फुटला, दुसरा आत्ताच घेतलाय

अनगोळची आई
नमस्कार सगळ्यांना. आमच्या घरात तीन पोरं, माझा अडीच वर्षांचा, जाऊबाईंची मुलगी पाच वर्षांची आणि तिचा भाऊ दीड वर्षांचा. गेल्या दिवाळीत आमचा ३२ इंची टीव्ही फुटला. अंगणात किल्ला केला होता, पोरांनी किल्ल्यावरचे मातीचे मावळे खेळायला घरात आणले आणि माझ्याच मुलानं एक मावळा नेमून स्क्रीनवर मारला. मोठा आवाजसुद्धा नाही, टक्क एवढंच. वरनं हात फिरवला तर काहीच लागत नव्हतं, पण आत कोळ्याच्या जाळ्यागत झालं, अर्धा पडदा काळा आणि उरलेल्यात उभ्या रंगीत रेघा. सर्व्हिसवाले येऊन बघून गेले, पॅनेल बदलायचा जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले की नवा येत होता. वॉरंटी बाकी होती पण फुटलेलं त्यात बसत नाही म्हणून सांगितलं.

आता ४३ इंची घेतलाय, हप्त्यावर. सध्या टेबलावर ठेवलाय, दोन्ही टोकांना दोन पाय असतात तसला, खाली सासूबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातलाय. दीड वर्षाचा टेबल धरून उभा राहतो आणि कार्टूनमधला हत्ती दिसला की त्याला भरवायला जातो, भाताचा हात तसाच स्क्रीनला. दिवसभर "मागं हो, मागं हो" करून माझा घसा बसलाय. पोरांना मारायचं नाही हे आम्ही घरात ठरवलंय त्यामुळं तो उपाय कुणी सांगू नका. पुढून लावायची ती प्लॅस्टिकची शीट चांगली का? का भिंतीवरच लावावा? घर जुनं आहे, भिंतीचं टेन्शन येतंय.

उद्यमबागवाला
ताई शीटचं मी सांगतो, आमच्या घरी दोन वर्षं झाली लावून. ऑनलाइन तयार मिळते पण मी इथंच साईनबोर्ड करणाऱ्याकडनं ॲक्रिलिक कापून घेतली, ३ एमएमची. ४३ इंचीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५४ सेंमी उंच असतो पण तुम्ही फ्रेमसकट माप घ्या. कडा घासून गोल करून घ्या, नाहीतर टीव्ही वाचेल आणि पोराचा हात कापेल. पॉलिकार्बोनेट त्याहून दणकट, मार चांगला सोसते पण चरे लवकर पडतात. शीट अगदी स्क्रीनला चिकटून नको, बोटभर जागा सोडा, मागची आणि खालची हवेची भोकं झाकू नका, आणि रिमोटचा डोळा बहुतेक खाली असतो तिथं कसली पट्टी चिकटवू नका.

तोटा सांगायचा तर समोर खिडकी असली की दुपारी स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. आम्ही पडदा ओढतो.

पुसायचं कसं ते पण सांगतो कारण भाताचा हात म्हणालात. काच पुसायचा स्प्रे उघड्या स्क्रीनवर कधीच मारू नका, आधी टीव्ही बंद करून गार होऊ द्या, मऊ कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि अलगद पुसायचं. दाबून घासलं तर आत डाग धरतो, तो परत जात नाही. शीट लावल्यावर मात्र बिनधास्त पुसा.

चिकोडीहून
वाचलं आणि रुमालाच्या वाक्यावरच थांबलो. वैनी, तो रुमाल आज काढा, पोरानं ओढला की टीव्ही त्याच्यासकट अंगावर येईल. आत्ता काढा.

आमच्याकडं काय झालं सांगतो. गणपतीसाठी जागा करायची म्हणून आम्ही टीव्ही त्याच्या जागेवरनं उचलून ड्रॉवरच्या कपाटावर ठेवला, पाच-सहा दिवसांचाच प्रश्न म्हणून कुणी काही बांधलं नाही. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. आम्ही सगळे मखराच्या नादात, तिनं खालचा ड्रॉवर ओढला, मग वरचा, आणि जिन्यासारखी चढली. वर टीव्हीच्या मागं मोदकाचा डबा ठेवला होता, तिला तो पाहिजे होता. कपाट पुढं झुकलं आणि टीव्हीसकट तिच्या अंगावर आलं. कपाळाला टाके पडले, खांद्याला सूज. देवाच्या कृपेनं कपाट समोरच्या सोफ्याला अडकलं म्हणून पूर्ण वजन तिच्यावर आलं नाही. त्या जागी सोफा नसता तर काय झालं असतं याचा विचार आजपण रात्री येतो.

टीव्ही फुटला तर पैसे जातात, पोर फुटलं तर काय आणणार ओ. तुम्ही स्क्रीन कशी वाचवायची विचारलंय पण आधी टीव्ही पडणार नाही याचं बघा. आणि शीटबद्दल उद्यमबागच्या दादांनी चांगलं सांगितलं, पण दोन पायांवर उभ्या टीव्हीच्या पुढं ती लटकवली तर तेवढं वजन पुढच्या बाजूला वाढतं, म्हणजे तो पुढं यायला अजून सोपा होतो.

उद्यमबागवाला
बरोबर आहे दादा, हे मी लिहायलाच पाहिजे होतं. ४३ इंचीची ३ एमएम शीट दोन किलोच्या आसपास भरते. आमचा टीव्ही भिंतीला आहे म्हणून ते डोक्यात आलं नाही. टेबलावर असेल तर आधी टीव्ही मागं बांधा, मगच शीट.

अनगोळची आई
चिकोडीच्या दादा, वाचून अंगावर काटा आला. मुलगी आता बरी आहे ना? रुमाल काढला. सासूबाईंना तुमचा मेसेज वाचून दाखवला, त्यांनी स्वतःच घडी करून ठेवला. आता भिंतीचं कुणीतरी सांगा, आमची पुढची भिंत विटांची आहे पण टीव्ही आहे ती मधली भिंत मातीची, वर गिलावा केलेला.

चिकोडीहून
बरी आहे, शाळेत जातीय. विचारलंत, बरं वाटलं.

खानापूर फिटिंग
मी टीव्ही, डिश, पंखे फिटिंगचंच काम करतो, खानापूर तालुका आणि बेळगावात पण येणं असतं. ताई मातीच्या भिंतीला स्टँड ठोकू नका. कुणी फिटिंगवाला "होतंय की" म्हणाला तरी नको. गिलावा वरनं सिमेंटचा असतो म्हणून ठोकताना घट्ट वाटतं, आत सगळी माती, महिन्या-दोन महिन्यांत गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ती खुंटी, भोकासकट बाहेर येते. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तर जास्तच.

भिंतीप्रमाणं काम बदलतं. भाजलेल्या विटेला गिट्टी आणि लांब स्क्रू चालतो, फक्त भोक विटेत पाडायचं, दोन विटांमधल्या सांध्यात नाही. आमच्या खानापूरकडं चिऱ्याची घरं भरपूर, चिरा मऊ आणि भोकाभोकांचा, त्यात लोखंडी फास्टनर फुगवला की कडा ढासळतात, तिथं मी आधी रुंद जाड फळी चार-सहा ठिकाणी लांब स्क्रूनं बसवतो आणि स्टँड त्या फळीला, म्हणजे वजन एका भोकावर येत नाही. पोकळ सिमेंट ब्लॉक असेल तर साधी गिट्टी आत नुसती फिरत राहते, तिथं काँक्रीटचा बीम नाहीतर कॉलम शोधावा लागतो. ४३ इंची टीव्ही स्वतः आठ-नऊ किलोच्या आत-बाहेर असतो, पण पोरगं लोंबकळलं तर वीस किलो धरा, आणि मी तेच धरून काम करतो.

टीव्हीच्या मागं चार भोकं असतात, त्यांचं अंतर मोजून मग स्टँड घ्या, २०० बाय २०० एमएम असं लिहिलेलं असतं. बोल्ट टीव्हीबरोबर किंवा पुस्तकात सांगितलेल्या लांबीचेच घ्या, घरात पडलेला लांब बोल्ट पिळला की आतल्या बोर्डाला लागतो.

तुमच्यासाठी माझं मत, टीव्ही पुढच्या विटांच्या भिंतीवर न्या, खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. ते जमत नसेल तर बुटकं, जड, रुंद टेबल घ्या, टीव्हीचे पाय टेबलाला आवळा आणि मागच्या वरच्या दोन भोकांतनं नायलॉनचा पट्टा काढून टेबलाच्याच मागच्या लाकडाला खाली ओढून बांधा. मग हातानं पुढं ओढून बघा. हलला तर परत आवळा. आणि वायर लोंबकळती ठेवू नका, केसिंग पट्टी मारून घ्या, पोरं स्क्रीनपेक्षा वायर जास्त ओढतात हे मी घराघरात बघतोय.

वडगाव माग
खानापूरच्या अण्णांनी सगळं नीट सांगितलंय, एक भर घालतो. आमच्या घरात खाली पॉवरलूम, वर राहणं. माग चालू असला की भिंतीवरचा आरसासुद्धा थरथरतो. आमचा टीव्ही भिंतीला चांगला लावला होता, विटांची भिंत, तरी वर्षभरात स्टँडचे दोन नट ढिले झाले होते, आईनं धूळ पुसताना टीव्ही हलतोय म्हणून सांगितलं तेव्हा कळालं. आता स्प्रिंग वॉशर घातलेत आणि दसऱ्याला मागाची पूजा करतो त्याच्या आदल्या दिवशी टीव्हीचे नट पण तपासतो, मध्ये एकदा उगादीला. वडगाव, शहापूर, खासबागकडं ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग आहेत त्यांनी हे बघाच. रस्त्याला लागून घर असेल, जड गाड्या जात असतील तरी तेच.

निपाणीची आजी
नातवानं मोबाइलवर हे वाचून दाखवलं, मी सांगतेय आणि तो लिहितोय. आमच्या पहिल्या टीव्हीला लाकडी पेटी होती, पुढनं शटर ओढायचं आणि कुलूप लावायचं. किल्ली माझ्या कमरेला. त्या टीव्हीची पुढची काच बोटभर जाड, पोरांनी चेंडू मारला तरी काही होत नव्हतं, म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना अजून वाटतं टीव्हीला काय होतंय. आता आत पापडासारखी पातळ काच असते हे नातवानं मला समजावलं तेव्हा पटलं. बाळ, तुझ्या सासूबाईंचं पण तसंच असेल, त्यांच्यावर रागावू नको.

सुताराकडनं तसलं दोन फळ्यांचं दार करून घे, बघायचं नसेल तेव्हा बंद. डोळ्यासमोर नसलं की पोरं मागत पण नाहीत. आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं नाही. मी चटई घालते. चटईवर बसून बघायचं, चटईच्या पुढं पाय आला की मी टीव्ही बंद करते, बोलत काहीच नाही. परत चटईवर बसलं की चालू. पहिले चार दिवस रडारड होते, पाचव्या दिवशी पोरंच एकमेकांना मागं ओढतात. पण घरातल्या सगळ्यांनी तसंच करायला पाहिजे, आजोबांनी लाडानं चालू ठेवला की सगळं मोडलं. आणि हाताला एक चेंडू दे, कापडाचा, फेकायची हौस असतेच त्या वयात, ती कुठंतरी भागायला पाहिजे.

हिंदवाडी नर्स
आजी, चटईचं फार आवडलं, आमच्याकडं आजपासून करते.

मला दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, दीड वर्षाच्या बाळाला टीव्ही लावूच नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्यांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसात एक तासाच्या वर नको. मला माहिती आहे, मोठी मुलं बघताना धाकट्याला कुठं ठेवायचं हा प्रश्न असतो, माझ्याकडं पण दोघं आहेत. मी मोठ्याची वेळ धाकट्याच्या झोपेत बसवलीय. रोज जमत नाही, पण जमतं त्या दिवशी स्क्रीनची काळजीच उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. टीव्हीच्या रिमोटला बहुतेक पेन्सिल सेल असतात, पण साउंडबार, रंगीत लाइटची पट्टी यांच्या छोट्या चपट्या रिमोटला बटणासारखा गोल सेल असतो. तो पोरानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतनं भाजायला लागतं. सुरुवातीला नुसती लाळ गळते, जेवत नाही, खोकतं, त्यामुळं सर्दी-घसा समजून लोक थांबतात. नुसता संशय आला तरी थांबू नका, ओकारी काढायला जाऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जाऊन एक्स-रे काढा आणि बटण सेल गिळल्याचा संशय आहे हे आल्या आल्या सांगा. वापरून झालेला सेल पण तेवढाच धोक्याचा, टीव्हीच्या टेबलावर काढून ठेवू नका.

अनगोळची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय कारण काम करूनच सांगायचं ठरवलं होतं.

टीव्ही पुढच्या विटांच्या भिंतीवर गेला. फिटिंगवाल्यानं आधी मधल्या मातीच्या भिंतीलाच लावतो म्हणून सांगितलं, मी खानापूरच्या अण्णांचा मेसेज दाखवला, त्यानं एक छोटं भोक पाडून बघितलं तर पिवळी मातीच बाहेर आली, मग स्वतःच नको म्हणाला. खालची कड चार फुटांवर घेतली, मिस्टरांनी दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून बघितलं, हललं नाही. जुनं टेबल काढून टाकलं त्यामुळं चढायला आता काही नाही. शीट अजून लावली नाही, उंचीमुळं हात पोचत नाही, पण फेकाफेकीसाठी लावणार आहे, माप देऊन आलोय.

आजी, चटई सुरू केली. तिसऱ्या दिवसापर्यंत माझा मुलगा आडवा पडून रडला, सासरे विरघळायला लागले होते, जाऊबाईंनी त्यांना गच्चीवर नेलं. आता पाच वर्षांचीच दोघांना चटईवर बसवते. दीड वर्षाच्याची मात्र दुपारची झोप आणि कार्टून अजून जुळत नाही, बघू. मावळे पेटीत घालून माळ्यावर ठेवलेत, दिवाळीला अंगणात काढायचे.

नर्स ताई, तुमचं वाचून घर शोधलं तर लाइटच्या पट्टीचा रिमोट सोफ्याच्या खाली, उघडा, आणि सेल बाजूला पडलेला. कधीपासून होता कुणास ठाऊक. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारा रिमोट बेळगावात कुठं मिळतो का? तोपर्यंत पट्टी काढूनच ठेवलीय.