निमंत्रणाने मिळणारी चार्ज कार्डे : पात्रता कोणाची आणि उपयोग किती?

विषय : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : एक सभासद

अमेरिकेतील आपल्या मंडळाच्या ईमेल-यादीवरील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी अमेरिकन एक्स्प्रेसचे प्लॅटिनम हे चार्ज कार्ड, म्हणजे ज्याचे बिल दरमहा पूर्ण भरायचे असते असे कार्ड, वापरतो आहे आणि प्रत्येक महिन्याची रक्कम वेळेवर पूर्ण भरत आलो आहे. त्याच कंपनीचे सेंचुरियन, म्हणजे लोक ज्याला काळे कार्ड म्हणतात ते, आपल्याला मिळू शकेल का, असा विचार अलीकडे मनात घोळतो आहे. पुढील वर्षी मुलीच्या महाविद्यालयाची फी आणि घराच्या दुरुस्तीचा खर्च अशा दोन मोठ्या रकमा एकदमच भराव्या लागणार आहेत. या रकमा प्लॅटिनम कार्डावरून भरल्यास सेंचुरियनचे निमंत्रण येण्याइतका वार्षिक खर्च दिसेल, असा माझा हिशेब आहे. आपल्यापैकी कोणी या क्षेत्रात काम केले असेल, किंवा हे कार्ड स्वतः वापरत असेल, तर दोन गोष्टींवर मार्गदर्शन करावे, ही विनंती : हे कार्ड नेमके कोणाला देतात, आणि त्यासाठी मोजावे लागणारे शुल्क वसूल होते का?

आपला,
एक सभासद

---

विषय : उत्तर : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : मंडळाच्या माजी कोषाध्यक्षा

नमस्कार.

मी निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे कार्डांच्या कर्जजोखीम विभागात काम केले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर कंपनीने कधीच प्रसिद्ध केलेले नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर, पाच लाख डॉलर असे जे आकडे ऐकू येतात, ते अंदाज आहेत आणि त्यांच्या भरवशावर कोणतेही नियोजन करू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर आता आपली उत्सुकता नोंदवता येते. मात्र अशी नोंद केल्याने आपण निवडीच्या जवळ गेलो, असा अर्थ होत नाही. अशा निवडीत काय पाहिले जाते, ते सर्वसाधारणपणे सांगता येईल. उत्पन्न आणि मालमत्ता पाहतात, त्याच कंपनीशी असलेला जुना व्यवहार पाहतात, रक्कम दरमहा पूर्ण भरली जाते का ते पाहतात आणि, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खर्चाचे स्वरूप पाहतात. एका वर्षी अचानक फुगलेला आणि पुढच्या वर्षी ओसरलेला खर्च, आणि प्रवास, हॉटेले, व्यवसायाची देणी यांवर वर्षानुवर्षे सातत्याने होणारा खर्च, या दोन्हींची बेरीज एखाद्या वर्षापुरती सारखी आली तरी त्यांतून दिसणारा ग्राहक एकच नसतो. जो ग्राहक पुढेही असाच खर्च करत राहील, तो कंपनीला हवा असतो. महाविद्यालयाची फी आणि घरदुरुस्ती हे दोन्ही खर्च एकदाचे आहेत, ही बाब आपण आधी ध्यानात घ्यावी.

या कार्डांची परंपरा पाहिली की त्यांचा हेतू स्पष्ट होतो. डायनर्स क्लबचे कार्ड १९५० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. अमेरिकन एक्स्प्रेसने आपले चार्ज कार्ड ऑक्टोबर १९५८ मध्ये आणले. पुढे १९६६ मध्ये सोनेरी, १९८४ मध्ये प्लॅटिनम आणि १९९९ मध्ये सेंचुरियन आले. खालची पायरी बहुसंख्यांच्या आवाक्यात आली की वर नवी पायरी बांधली जाते, असे मला या क्रमातून दिसते. आपल्या प्लॅटिनम कार्डाभोवतीही एके काळी असेच वलय होते.

चार्ज कार्डाच्या मूळ स्वरूपाबद्दलही पुष्कळ गैरसमज आहेत. सामान्य क्रेडिट कार्डावर किमान हप्ता भरून उरलेली रक्कम व्याजाने पुढे नेता येते. चार्ज कार्डावर मुळात संपूर्ण रक्कम त्या त्या महिन्यात भरणे अपेक्षित असते. अमेरिकेत आता अशा कार्डांवर काही खरेदी व्याजाने पुढे ढकलण्याची सोय दिली जाते, परंतु ती सोय वापरू लागलात की शुल्क एकीकडे आणि व्याज दुसरीकडे, असा दुहेरी भार पडतो. खर्चाची मर्यादा आधी ठरवलेली नसते, याचा अर्थ मर्यादाच नसते असा नाही. आपला नेहमीचा खर्च, परतफेडीचा इतिहास आणि उपलब्ध आर्थिक माहिती यांवरून प्रत्येक मोठ्या व्यवहाराचा निर्णय त्या वेळी घेतला जातो. म्हणूनच एखादी रक्कम मंजूर होईल का, हे खात्यात जाऊन आगाऊ तपासण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. घरदुरुस्तीचे पैसे देण्यापूर्वी आपण ती अवश्य वापरावी.

या संदर्भात शांघायचे संग्राहक लिऊ यीछियान यांचे उदाहरण बोलके आहे. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात त्यांनी मिंग काळातील चिनी मातीचा एक छोटा प्याला २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला घेतला आणि त्याचे पैसे अमेरिकन एक्स्प्रेस कार्डाने दिले. त्यासाठी कार्ड चोवीस वेळा यंत्रातून सरकवावे लागले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. इतक्या धनाढ्य ग्राहकाचीही रक्कम तुकड्यांनीच घेतली गेली, एवढेच मला त्यातून सुचवायचे आहे. कार्ड हे त्यांच्या संपत्तीच्या मागोमाग आले होते. कार्डामुळे त्यांची ऐपत वाढली नव्हती.

आता शुल्क. अमेरिकेत सेंचुरियनचे प्रवेश शुल्क १०,००० डॉलर आणि वार्षिक शुल्क ५,००० डॉलर आहे. प्लॅटिनमचे वार्षिक शुल्क २०२१ मध्ये ६९५ डॉलर झाले आणि २०२५ मध्ये ८९५ डॉलरवर गेले. पाच वर्षे धरली तर सेंचुरियनला ३५,००० आणि प्लॅटिनमला ४,४७५ डॉलर पडतात. म्हणजे फरक ३०,५२५ डॉलरचा, दरवर्षी सुमारे ६,१०५ डॉलरचा. प्लॅटिनमवर जे मिळत नाही आणि आपण खरोखरच वापरणार आहोत, अशा गोष्टींची किंमत दरवर्षी एवढी होते का, हाच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. प्लॅटिनमवर आधीच मिळणाऱ्या सवलती या हिशेबात दुसऱ्यांदा धरू नयेत. बहुतेकांची गफलत तिथेच होते.

फीसंबंधी स्वतंत्र सांगते, कारण आपला बेत मुख्यतः तिच्यावर उभा आहे. अनेक महाविद्यालये कार्डाने फी भरल्यास वर प्रक्रिया शुल्क लावतात आणि ते बहुधा अडीच ते तीन टक्क्यांच्या घरात असते. उदाहरणादाखल फी ६०,००० डॉलर आणि प्रक्रिया शुल्क २.८५ टक्के धरले, तर १,७१० डॉलर जास्त जातात. प्लॅटिनमवर अशा खर्चाला डॉलरमागे बक्षिसाचा एकच पॉइंट मिळतो. ते ६०,००० पॉइंट्स कंपनीमार्फत विमानाचे तिकीट काढण्यासाठी वापरले तर ६०० डॉलरचे होतात, आणि स्टेटमेंटमधील रक्कम कमी करण्यासाठी वापरले तर ३६० डॉलरचेच. ज्या निमंत्रणाची खात्री कोणीही देऊ शकत नाही, त्याच्या आशेने हजाराहून अधिक डॉलर सोडून देणे मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही. फी बँक खात्यातून थेट भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली,
माजी कोषाध्यक्षा

---

विषय : उत्तर : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : एक व्यावसायिक सभासद

सप्रेम नमस्कार.

ताईंचे सविस्तर पत्र वाचले. मी स्वतः हे कार्ड वापरतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

मला निमंत्रण आले तेव्हा मी त्यासाठी काहीही प्रयत्न केलेला नव्हता. व्यवसायातील पुरवठादारांची देणी आणि सहकाऱ्यांचा प्रवास कार्डावरूनच होत असे, आणि ती रक्कम दर महिन्याला पूर्ण चुकती होत असे. ताईंनी ज्या सातत्याचा उल्लेख केला, त्याला माझा अनुभव दुजोरा देतो.

उपयोगाबद्दल मात्र केवळ शुल्काच्या वजाबाकीवर थांबू नये. या कार्डाबरोबर ओळखीचा, आपल्या सवयी जाणणारा माणूस फोनवर उपलब्ध होतो. रात्री उशिरा विमान रद्द झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करारावर सह्या व्हायच्या असल्या, की तिकीट, हॉटेल आणि गाडी यांची सोय एका फोनवर होणे याचे मोल माझ्यासारख्याला फार असते. हे काम करण्यासाठी मला कार्यालयात वेगळा माणूस नेमावा लागला असता. ज्याचा प्रवास वर्षातून एकदोनदा आणि आधीच ठरवून होतो, त्याला या सेवेची गरज फारशी पडणार नाही, हेही मी तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो.

विमानतळावरील सेंचुरियन लाउंजसाठी काळे कार्डच लागते, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. प्लॅटिनमधारकालाही तिथे प्रवेश आहे. फरक पाहुण्यांचा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून अमेरिकेतील प्लॅटिनमधारकाने वर्षाला ७५,००० डॉलर खर्च केले तरच पाहुण्यांना विनामूल्य प्रवेश मिळतो, नाही तर प्रौढ पाहुण्यासाठी ५० आणि लहान मुलांसाठी प्रत्येकी ३० डॉलर द्यावे लागतात.

आपला,
एक व्यावसायिक सभासद

---

विषय : उत्तर : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या सभासद

नमस्कार मंडळी.

आपल्या यादीवर अमेरिकेबाहेर गेलेले पुष्कळ सभासद अजूनही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक कायदेशीर बाब नोंदवते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली आणि विक्रेत्याने ती दिलीच नाही किंवा सदोष दिली, तर विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरली जाते. दरमहा पूर्ण रक्कम भरावी लागणाऱ्या चार्ज कार्डाला हे संरक्षण लागू होत नाही. कंपनीच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे तक्रार करून पैसे परत मिळवता येतात, परंतु कायद्याने दिलेला हक्क वेगळा आणि कंपनीने दिलेली सवलत वेगळी. महागडे कार्ड म्हणजे अधिक संरक्षण, असे गृहीत धरून सहलीचे किंवा फर्निचरचे मोठे आगाऊ पैसे चार्ज कार्डावरून देणाऱ्यांनी हा भेद जरूर पाहावा. बिनशुल्काचे साधे क्रेडिट कार्ड अशा व्यवहारात अधिक भक्कम ठरते.

आपली,
एक सभासद

---

विषय : उत्तर : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : मंडळाच्या माजी कोषाध्यक्षा

नमस्कार.

व्यावसायिक सभासदांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ज्यांचा वेळ इतका महाग आहे आणि ज्यांचा खर्च व्यवसायातून आपसूक होतो, त्यांच्यासाठी हे कार्ड उपयुक्त आहे. मूळ प्रश्न मात्र नोकरदार कुटुंबाचा आहे. व्यावसायिक सभासदांनी दिलेलेच लाउंजचे दर घेऊन पाहू या. एक प्रौढ आणि दोन मुले अशा तीन पाहुण्यांना एका भेटीला ११० डॉलर पडतात. दरवर्षीचा ६,१०५ डॉलरचा फरक केवळ याच सवलतीतून भरून काढायचा, तर संपूर्ण कुटुंबाला वर्षातून ५५ हून अधिक वेळा त्या लाउंजमध्ये जावे लागेल.

प्लॅटिनमच्या ८९५ डॉलरचाही असाच कठोरपणे विचार करावा, असे मी सुचवेन. त्यावरील सवलती महिन्यांत आणि तिमाहींत विभागलेल्या असतात. टॅक्सीसाठी मिळणारे वर्षाचे २०० डॉलर दरमहा १५ आणि डिसेंबरमध्ये ३५ असे येतात, आणि त्या महिन्यात वापरले नाहीत तर बुडतात. एरवी ज्या सेवेवर आपण पैसे खर्च केले नसते, तिच्यावरील सवलत हिशेबात पूर्ण किमतीने धरणे चुकीचे आहे. मी ती शून्य धरते. तसेच किराणा, औषधे, विजेचे बिल अशा रोजच्या खर्चावर दोन टक्के रोख परत देणारी बिनशुल्काची कार्डे डॉलरमागे एक पॉइंट देणाऱ्या प्लॅटिनमपेक्षा सरस ठरतात. थेट विमान कंपनीकडून काढलेल्या तिकिटांवर डॉलरमागे पाच पॉइंट्स मिळतात, तेवढ्यापुरते प्लॅटिनम उत्तम आहे.

एक सावधगिरीची सूचना. आपल्याला विशेष कार्डासाठी निवडले आहे, प्रवेश शुल्क आधी पाठवा, असा फोन किंवा ईमेल आल्यास त्यातील क्रमांकावर किंवा दुव्यावर जाऊ नये. स्वतःच्या कार्डामागील क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी.

आपली,
माजी कोषाध्यक्षा

---

विषय : उत्तर : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : मूळ प्रश्नकर्ते सभासद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फी बँक खात्यातून भरण्याचे आम्ही ठरवले आहे आणि सेंचुरियनचा विचार बाजूला ठेवला आहे. आता प्रश्न प्लॅटिनमचाच उरतो. ताईंच्या पद्धतीने हिशेब केल्यावर आमच्या वापरात ८९५ डॉलर वसूल होताना दिसत नाहीत. वार्षिक शुल्क याच महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये आले आहे. आता कार्ड बंद केल्यास ते परत मिळेल का, आणि साठलेल्या पॉइंट्सचे काय होईल?

---

विषय : उत्तर : सेंचुरियन कार्डासंबंधी विचारणा
प्रेषक : मंडळाच्या माजी कोषाध्यक्षा

नमस्कार.

ज्या स्टेटमेंटमध्ये शुल्क आले, त्याच्या अंतिम तारखेपासून ३० दिवसांच्या आत कार्ड बंद केल्यास अमेरिकेत ते शुल्क परत मिळते, म्हणून ती तारीख आजच पाहून ठेवावी. पॉइंट्ससाठी मात्र घाई करू नये. त्याच योजनेतील दुसरे कार्ड आपल्याकडे नसेल, तर कार्ड बंद होताच सर्व पॉइंट्स जातात. त्यामुळे आधी ते विमान कंपनीच्या खात्यात वळवावेत किंवा वापरून टाकावेत, अथवा कमी शुल्काच्या कार्डात बदल करून घेता येतो का, हे फोनवर विचारावे. ते शक्य झाले तर जुने खातेही टिकते आणि पॉइंट्सही राहतात.

आपली,
माजी कोषाध्यक्षा