नुसत्या भागाकारातून वय येत नाही
विश्वाच्या विस्ताराचा दर बदलत आलाय तर आजच्या दरावरून विश्वाचं वय कसं काढता, हा प्रश्न एकदम रास्त आहे. ठाण्याहून सुटलेली पनवेल लोकल नेरूळला दिसली की अंतर भागिले आत्ताचा स्पीड केलं तर ती कधी सुटली त्याचा अंदाज येतो, पण मधे ती स्लो झाली, परत पळाली, ते धरावंच लागतं. विश्वाचंही तसंच, आधी गुरुत्वामुळे विस्तार मंदावला, मग डार्क एनर्जीने (विस्ताराचा वेग वाढवणारी, अजून नीट न उलगडलेली ऊर्जा) जोर धरला, आणि दोन्ही जवळपास फिटतात म्हणून दर मेगापार्सेक अंतरामागे (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ७० किमी हा आजचा विस्ताराचा दर धरून सरळ भागलं तरी १४ अब्ज वर्षं येतात, खरं वय १३.८. १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने काढलेला याच दराचा आकडा ५०० च्या आसपास होता, म्हणजे वय जेमतेम २ अब्ज, पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघाले! अंतरं चुकली होती, ज्यांच्यावरून अंतर मोजतात ते सेफीड तारे (ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारे) दोन प्रकारचे आहेत हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने १९५२ मध्ये दाखवलं तेव्हा वय एका झटक्यात दुप्पट झालं, मला तर हे फार भारी वाटतं.