मदत हवी आहे: क्रूझवर वाईनचं पॅकेज आधीच पैसे भरून घ्यावं का?

मंडळी, प्रश्न जरा सुखवस्तू आहे, हसलात तरी चालेल पण उत्तर द्या. सात रात्रींची क्रूझ बुक केलीय, आम्ही दोघं आणि शेजारच्या केबिनमध्ये ताई नि भाऊजी. तिकिटं झाली, केबिन झाल्या, आता कंपनीची मेल्स सुरू झालीत की वाईन पॅकेज आत्ताच घ्या, जहाजावर चढल्यावर ही किंमत मिळणार नाही, सवलत अमुक तारखेपर्यंतच. तारीख उलटली की पुन्हा नवीन सवलत, तेव्हा त्या घाईचं मला फार काही वाटत नाहीये, पण गणित मात्र सुटत नाहीये.

हे पॅकेज बाटल्यांचं आहे, अनलिमिटेड ड्रिंक्सवालं नाही. पाच बाटल्यांचं एक, सात बाटल्यांचं एक, आणि वाईन त्यांच्या ठराविक यादीतूनच निवडायची. चलन बाजूला ठेवते म्हणजे कुणाच्याही क्रूझला लावून बघता येईल. मेन डायनिंगमध्ये, म्हणजे जहाजावरच्या मुख्य जेवणघरात, एका ग्लासला १० धरा. त्या यादीतल्या बाटल्या सुट्या घेतल्या तर सरासरी ४५ ला पडतात. सात बाटल्यांचं पॅकेज २५०, पाचचं १९५. आणि या सगळ्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे सक्तीची टिप, जी जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधीच नसते, पैसे भरायच्या पानावर गेलं की उगवते.

आमचं पिणं म्हणाल तर मला रात्री जेवताना दीड ग्लास, बहुतेक व्हाईट. नवऱ्याला एक ग्लास, काय असेल ते. भाऊजी दोन ग्लास आणि फक्त रेड. ताई घेत नाही. सातातली एक रात्र जहाज बंदरात उशिरापर्यंत थांबणार आहे, तेव्हा जेवण बाहेरच.

तर विचारायचं असं की हे फायद्याचं आहे का, उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी मिळते का की गेली ती गेली, आणि ज्यांनी घेतलंय ते परत घेतील का? नवरा म्हणतो घेऊन टाक, एकदा पैसे भरले की तिथे बिलाकडे बघावं लागत नाही. मला नेमकी त्याचीच भीती वाटतेय.

प्रतिसाद:
धागा आवडला, आकडे देऊन प्रश्न विचारणारे कमीच. मी थोडं पुढे नेतो. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. तुमचं सातवालं पॅकेज ग्रॅच्युइटी धरून २९५. सुटा ग्लास ग्रॅच्युइटीसकट ११.८. म्हणजे २५ ग्लास संपले की पॅकेजचे पैसे वसूल, त्यापुढचे १० ग्लास हा खरा फायदा. तुम्ही दोघंच असाल तर अडीच ग्लास गुणिले सहा रात्री म्हणजे १५ ग्लास, १७७ मध्ये काम होतंय, मग २९५ कशाला भरायचे? भाऊजींचे १२ धरले तर २७ होतात, म्हणजे जेमतेम काठावर, आणि आठ ग्लास म्हणजे दीड बाटलीच्या वर शिल्लक राहणार.
आणि सुट्या बाटलीशी तुलना केली तर अजून गंमत आहे. ४५ ची बाटली ग्रॅच्युइटीसकट ५३ ला. २९५ भागिले ५३ केलं की साडेपाच येतं, म्हणजे सहावी बाटली संपेपर्यंत तुम्ही तोट्यातच. सात सुट्या बाटल्यांच्या ३१५ ऐवजी २५० म्हणजे साधारण २० टक्के सवलत, ती खरीच आहे, पण सातही बाटल्या प्यायलात तर!

प्रतिसाद:
वरच्यांना अनुमोदन. फक्त ग्लासचं माप विचारून घ्या, काही जहाजांवर ग्लासची दोन मापं असतात आणि मेनूतला आकडा नेमका कुठल्या मापाचा हे बघितलं नाही तर सगळं गणित आडवं होतं.
बाटलीचं म्हणाल तर मिळते की दुसऱ्या दिवशी. उरलेली बाटली वेटर बूच लावून केबिन नंबर लिहून ठेवून देतो आणि उद्या टेबलवर आणून देतो. मेन डायनिंगमध्ये हे अगदी रोजचं आहे. गोंधळ कधी होतो तर आज मेन डायनिंगमध्ये उघडलीत आणि उद्या स्पेशॅलिटी रेस्टॉरंटला (जिथे जेवणाचे वेगळे पैसे पडतात) जेवायला गेलात की. बाटली तिकडे नि तुम्ही इकडे. दुपारीच सांगून ठेवलं तर हलवतात, ऐनवेळी सांगितलं तर जेवण अर्ध्यावर येईपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. सगळी जेवणं एकाच ठिकाणी होणार असतील तर बाटलीचं पॅकेज सोयीचं, रोज नवीन रेस्टॉरंट ट्राय करणाऱ्यांना ग्लास बरा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार, २५ ग्लासचा आकडा नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला मग आपण थोडं वाढवू :) हेच ते! पैसे भरलेत म्हणून प्यायची असं सुरू झालं की सुट्टीची मजा जाते.
उघडलेली वाईन किती दिवस चांगली राहते? कारण मी व्हाईट नि भाऊजी रेड म्हणजे रोज दोन बाटल्या उघड्याच राहणार, एक संपून मग दुसरी असं होणारच नाही.

प्रतिसाद:
बूच घट्ट लावून थंड ठेवली तर व्हाईट आणि रेड दोन्ही तीन ते पाच दिवस चालतात, रेडसुद्धा फ्रिजमध्येच ठेवायला सांगा, प्यायच्या थोडं आधी बाहेर काढली की झालं. हवा लागली की वाईन उतरायला लागते आणि बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, त्यामुळे तळाचा एक ग्लास चार दिवस जपण्यात काही अर्थ नाही, तो त्याच रात्री संपवलेला बरा. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुडेवाली वाईन, मात्र पॅकेजमधून घेऊ नका, किंवा घेतलीत तर चौघं टेबलवर असताना आणि एका बैठकीत संपणार असेल तरच. स्पार्कलिंगचं खास बूच लावलं तर एकदोन दिवस टिकते, नाहीतर दुसऱ्या दिवशी गॅस गेलेलं आंबट पाणी.
तुमच्या बाबतीत व्हाईट तीन-साडेतीन दिवसांत संपेल आणि भाऊजींची रेड अडीच दिवसांत, म्हणजे दोन्ही मर्यादेत बसतात. टिकण्याची काळजी नको, यादीची करा.

प्रतिसाद:
हो, यादी! कुणीतरी बोललं एकदाचं. स्वस्तातल्या पॅकेजची यादी बघितलीत का? त्यात दहाबारा वाईन असतात आणि बऱ्याचशा अशा की जमिनीवर दुकानात आपण त्या शेल्फपाशी थांबणारही नाही. ४५ ही सरासरी आहे पण यादीतल्या ३५ वाल्या आणि ५५ वाल्या वेगळ्या काढा. पॅकेजमध्ये दोन्हींना एकच भाव पडतो, म्हणून वरच्या टोकाच्या मागवल्या तरच सवलत खरी. ३५ वालीच आवडत असेल तर ती सुटी घ्या, ग्रॅच्युइटी धरून ४१.३ होते आणि पॅकेजमधली बाटली पडते ४२.१ ला. म्हणजे सवलत शून्य, उलट वर थोडे गेलेच.
वाईन लिस्ट आधी मेलवर मागा, देतात. आणि लिस्टमधली एखादी वाईन जहाजावर संपली तर बदली काय देणार हेही लिहून घ्या. वरची देतात की त्याच किमतीची, यावर बरंच अवलंबून आहे. शेवटच्या दोन दिवसांत चांगल्या वाईन संपलेल्या असतात, तेव्हा आवडीची बाटली पहिल्याच रात्री सांगून बाजूला काढून ठेवायला लावणं हा माझा नेहमीचा उद्योग.

प्रतिसाद:
मी वाईनवाली नाही पण एक सुचवते. अनलिमिटेड ड्रिंक्स पॅकेजचा विचार केलाय का, कॉफी, ज्यूस, कॉकटेल सगळं त्यात येतं.

धागाकर्ती:
केला होता. त्यात एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायलाच पाहिजे अशी अट आहे, म्हणजे भाऊजींसाठी घेतलं की ताईलाही घ्यावं लागणार, आणि ती तर सोडा-लिंबूवाली. शिवाय ते दर दिवसाचं असतं, बाहेर जेवणार त्या दिवसाचेही पैसे जाणार.

प्रतिसाद:
बरोबर केलंत. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल या दोन्ही क्रूझ कंपन्यांकडे ती अट आहे. कार्निव्हलवर तर अनलिमिटेड म्हणवणाऱ्या पॅकेजलासुद्धा २४ तासांत १५ अल्कोहोलिक ड्रिंक्सची मर्यादा आहे (१५ पिणाऱ्याला मर्यादेची नाही, डॉक्टरची गरज आहे). आणि त्यातलं ड्रिंक दुसऱ्याला द्यायचं नसतं, तुमच्या नावावर तुम्हीच प्यायचं. बाटलीच्या पॅकेजचा खरा फायदा तिथे आहे, बाटली टेबलवर आली की कोण किती ओतून घेतंय ते कुणी बघत नाही, दोन केबिनमध्ये एकच पॅकेज चालतं.
म्हणून घ्यायचंच असेल तर पाचवालं घ्या. १९५ वर १८ टक्के म्हणजे २३०. त्यात २५ ग्लास. वरचे दोन सुटे घेतले की २५४ मध्ये तुमचे २७ ग्लास झाले. सगळे सुटे घेतले तर ३१८ च्या वर. सातवालं २९५. पाचवालंच जिंकतंय.

प्रतिसाद:
एवढी गणितं झाली आणि मूळ मुद्दा कुणी काढलाच नाही. स्वतःची वाईन नेता येते ना! रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, प्रिन्सेस यांच्याकडे दर प्रौढामागे ७५० मिलीची एक बाटली चढताना नेऊ देतात, फक्त वाईन किंवा शॅम्पेन, आणि हातातल्या सामानात. मोठ्या बॅगेत टाकलीत तर स्कॅनमध्ये दिसते आणि बॅग केबिनला यायच्या ऐवजी तुम्हाला बोलावणं येतं. तुम्ही चौघं म्हणजे चार बाटल्या, २० ग्लास! राहिले सात. सात ग्लाससाठी कुणी पॅकेज घेतं का?
डायनिंग रूममध्ये स्वतःची बाटली उघडायची तर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून देण्याचं शुल्क, लावतात, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. तुमच्या मापात १५ धरा. चार बाटल्यांचे ६०, दुकानातून घेतल्या त्याचे समजा ६०, आणि सात ग्लासचे ८३. झाले २०३. पाचवाल्या पॅकेजपेक्षा ५१ ने कमी, आणि वाईन तुमच्या पसंतीची, त्यांच्या यादीतली नाही. केबिनमध्ये उघडलीत तर बऱ्याच ठिकाणी कॉर्केजही नाही. बाल्कनीत बसून एक ग्लास घेतला आणि मग जेवायला गेलं, असंही करता येतं.
फक्त तुमच्या कंपनीचा नियम वाचा, काही कंपन्या एकही बाटली नेऊ देत नाहीत. आणि मधल्या बंदरात घेतलेली बाटली बहुतेक जहाजांवर गँगवेवरच, म्हणजे जहाजात चढायच्या वाटेवरच, काढून घेतात नि शेवटच्या रात्री परत देतात, तिच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद:
एक छोटी गोष्ट. पहिले एकदोन दिवस समुद्र लागत असेल आणि गोळ्या घेणार असाल तर मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट यांच्याबरोबर वाईन नको, गुंगी फार येते. म्हणजे सहा रात्रींतली एखादी तशीही गळणार, ती २७ मधून वजा करा.

धागाकर्ती:
कमाल आहात सगळे. कंपनीचा नियम आत्ता वाचला, दर प्रौढामागे एक बाटली चालते, चढतानाच, कॉर्केज फक्त डायनिंग रूममध्ये. ताईच्या नावावरची बाटली भाऊजींना, ती आनंदाने देतेय. तेव्हा सातवालं तर बादच. पाचवालं सध्या घेत नाही. पॅकेज जहाज निघायच्या आधी रद्द करता येतं आणि चढल्यावर पहिल्या दिवशीही विकत मिळतं असं त्यांच्या चॅटवाल्याने सांगितलंय, मग आत्ता पैसे अडकवून काय मिळणार? लिस्ट मागवलीय. त्यात वरच्या टोकाच्या चारपाच वाईन खरंच चांगल्या निघाल्या तर भाऊजींशी बोलून बघेन, नाहीतर दोन व्हाईट दोन रेड घेऊन चढायचं आणि पुढचे ग्लास सुटे.
नवरा अजून म्हणतोय की सुट्टीत हिशोब नको. त्याला म्हटलं हिशोब इथल्या लोकांनी केलाय, तू फक्त बाटल्या उचल.

प्रतिसाद:
बाटल्या उचलायच्या आधी हे बघा की बंदराला विमानाने जाणार आहात का. विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि जहाजावर नेमकी हातातच लागते. तेव्हा घरून न्यायची तर विमानात चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणि बंदरावर बॅगा सोपवायच्या आधी बाहेर काढून हातात. नाहीतर सरळ उतरल्यावर त्या गावातच घ्या. आदल्या दिवशी पोचत असाल तर बेस्ट, चढायच्या दिवशी सकाळी दुकान उघडं असेलच असं नाही.