चौकटीतली संख्या: ‘मोठ्यातून लहान वजा कर’ हे मुलांना सांगणं थांबवा

गणितवेडी

पहिली-दुसरीच्या मुलांना ‘चौकटीत योग्य संख्या लिहा’ हा प्रश्न असतो. ५ + □ = ८, असा. घरोघरी आणि शिकवण्यांमध्ये त्यावर एक ठरलेला तोडगा सांगतात: मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा कर आणि येईल ते चौकटीत लिही. हा तोडगा मुलांना शिकवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही चार गणितं एकाखाली एक लिहून बघा.

□ + ३ = ८
५ + □ = ८
८ − □ = ३
□ − ३ = ८

पहिल्या तिन्हींना तोडगा लागू पडतो. चौथ्यात मूल बिनदिक्कत ५ लिहून मोकळं होतं. आठ मोठे, तीन लहान, झालं! मग कुणीतरी दुसरा नियम काढतं: ‘चिन्ह उलटं कर, अधिक असेल तर वजा, वजा असेल तर अधिक.’ तो चौथ्याला चालतो आणि तिसऱ्याला फसतो. ८ − □ = ३ मध्ये मूल आठ आणि तीन मिळवून ११ लिहितं. आठातून अकरा काढायचे कसे, हा प्रश्नच त्याला पडत नाही, कारण ते वाक्य त्याने वाचलेलंच नसतं. दोन संख्या आणि एक चिन्ह दिसलं की हात चालू.

मुळात गोंधळ ‘=’ या चिन्हाचा आहे. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना ८ + ४ = □ + ५ हे गणित दिलं होतं. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नाही. बहुतेकांनी १२ लिहिलं, म्हणजे आठ अधिक चार करून थांबले. काहींनी समोर दिसलेलं सगळं मिळवून १७ लिहिलं. सहावीची मुलं ही! त्यांना बेरीज येत नव्हती असं कोण म्हणेल?

रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह छापलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारखं दुसरं काही असूच शकत नाही, म्हणून त्याने त्या घेतल्या. म्हणजे हे चिन्ह ‘दोन्हीकडे सारखंच’ असं सांगण्यासाठी जन्मलं, आणि आपण मुलांना ते ‘उत्तर इथे’ असं शिकवतो.

माझं म्हणणं इतकंच: आधी वाक्य मोठ्याने वाचायला लावा. ‘काहीतरी होते, त्यातले तीन दिले, आठ उरले.’ एवढं वाचलं की पाच हे उत्तर मुलाला स्वतःलाच खटकतं. पाच होते, तीन दिले, मग आठ उरतील कुठून? आणि उत्तर लिहिल्यावर ते चौकटीत घालून वाक्य पुन्हा वाचायचं. ताळा पाहायची सवय इथूनच लागते.

शिकवणीवाला

ताई, वाचायला छान आहे, पण वर्गातलं दुखणं वेगळं आहे. मूल अडतं ते ‘=’ पाशी नाही. आठातून तीन गेले किती, हे काढायला त्याला अजून बोटं लागतात, तिथे ते अडतं. बोटं मोजता मोजता प्रश्न काय होता तेच विसरतं. दहाच्या जोड्या तोंडपाठ असलेलं मूल (एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच) ७ + □ = १० बघून विचारही करत नाही, लिहितं. त्याला ना नियम लागतो, ना गोष्ट. पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आली आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

शिवाय प्रकार चारच आहेत ना? मग एक नियम फसतो म्हणून नियमच नको, असं कसं? चौघांचे चार नियम शिकवा. शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास असतो. तिथे ‘काहीतरी होते, त्यातले तीन दिले’ म्हणत बसायला वेळ नसतो.

गणितवेडी

जोड्या पाठ हव्यातच, त्याला विरोध कोण करतंय? पण माझं चौथं गणित पुन्हा बघा. तिथे ५ लिहिणाऱ्या मुलाला आठातून तीन गेले पाच हे पाठच असतं, म्हणून तर ते इतक्या झटकन चुकतं. पाठांतर पक्कं आणि प्रश्न वाचलेला नाही, अशी ती चूक आहे. आणखी पाठ करून ती सुधारणार नाही.

चार नियमांबद्दल म्हणाल, तर कुठला नियम कुठे लावायचा हे मूल कशावरून ठरवणार? शेवटी वाक्य वाचूनच. मग वाचलंच आहे तर नियम हवा कशाला?

झेडपीची_ताई

पहिली आणि दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात, त्यामुळे दोघांचंही म्हणणं रोज बघते. गणितवेडीताईंशी बरंच पटतं, पण ‘वाक्य वाचलं की कळतं’ हे मला तितकं सोपं वाटत नाही.

५ + □ = ८ मी मणीमाळेवर घेते. शंभर मण्यांची माळ, दहा-दहाचे दोन रंग आलटून पालटून. पाचव्या मण्यानंतर एक चिमटा, आठव्यानंतर दुसरा. मधले मणी किती? मुलं पटकन सांगतात. ८ − □ = ३ ला चिंचोके. आठ मांडायचे, मुलांनी डोळे मिटायचे, मी काही मुठीत लपवायचे. डोळे उघडल्यावर समोर तीन. मुठीत किती? या खेळाला मुलं कंटाळत नाहीत, उलट एकमेकांना घालत बसतात.

□ − ३ = ८ ला मात्र सगळं अडतं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी चिंचोक्यांचा ढीग पुढ्यात घेऊन नुसती बसून होती. मी विचारलं, मांडत का नाहीस? म्हणाली, ‘बाई, पहिले किती मांडू तेच दिलं नाही.’ अगदी खरं बोलली. लहान मूल गोष्ट घडते त्या क्रमाने मांडतं. होते किती, गेले किती, उरले किती. इथे सुरुवातच झाकलेली. वाक्य तिने नीट वाचलं होतं, अर्थही कळला होता, तरी हात पुढे जात नव्हता.

मग मी तिला शेवटापासून सुरू करायला लावलं. उरलेले आठ मांड. आता दिलेले तीन परत मागून घे. झाले किती? अकरा. अकरातून पुन्हा तीन देऊन बघितले, आठ उरले, मग तिचा विश्वास बसला. म्हणून सुरुवात झाकलेली गणितं पहिलीत लेखी देऊच नयेत, तोंडी आणि वस्तूंवर घ्यावीत असं माझं मत आहे. दुसरीत लेखी.

नाशिकचे_आजोबा

बाईंनी जे करून घेतलं त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे: व्यस्तविधी, विलोमविधीही म्हणतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) तो स्पष्ट दिलेला आहे. शेवटच्या राशीपासून, म्हणजे संख्येपासून, मागे यायचं, गुणलं असेल तिथे भागायचं, मिळवलं असेल तिथे वजा करायचं. आर्यभटानेही तो त्याआधी सांगितला आहे. म्हणजे ‘चिन्ह उलटं कर’ हा नियम टाकाऊ नाही, चांगला बाराव्या शतकातल्या ग्रंथातला आहे! गणितवेडीताई त्याला एका फटक्यात बाद करतात, ते मला पटलं नाही.

दुसरं, पूर्वी वाणी सुट्टे कसे परत द्यायचा आठवा. सदतीस रुपयांचा माल, पन्नासची नोट. तो वजाबाकी करायचाच नाही. हातावर एकेक रुपया ठेवत अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, मग दहाची नोट ठेवून पन्नास. म्हणजे ३७ + □ = ५०. ना चौकट, ना समीकरण. पोरांना दुकानात पाठवणं बंद झालं आणि आता तेच वर्कशीटवर शिकवायची वेळ आली.

गणितवेडी

आजोबा, व्यस्तविधी मला मान्य आहे. पण त्याची अट बघा: मागे येताना ज्या राशीपाशी पोचायचं ती सुरुवातीची असते. □ − ३ = ८ मध्ये सुरुवात झाकलेली आहे, म्हणून तिथे तो चपखल बसतो. ८ − □ = ३ मध्ये सुरुवात समोर आहे, झाकलेलं आहे ते ‘किती काढले’. तिथे मागे जायचं कुठे? भास्कराचार्यांची रीत बरोबरच आहे. आपण तिची अट गाळून फक्त ‘चिन्ह उलटं कर’ एवढं मुलांच्या हाती देतो, तिथे घोळ होतो.

वाण्याचं उदाहरण मात्र फार आवडलं. माझ्या चारपैकी दुसरं गणित ते हेच.

जर्सीकर

इथे अमेरिकेत राहून थोडी दुसरी बाजू सांगते. कुठल्या इयत्तेत काय यायला हवं हे ठरवणाऱ्या, २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय मानकांमध्ये हे पहिलीतच आहे. समान चिन्हाचा अर्थ कळणं हा एक मुद्दा, आणि तीन संख्यांपैकी झाकलेली कुठलीही शोधणं हा लगेच पुढचा. ८ + ? = ११ किंवा ५ = □ − ३ अशी उदाहरणं त्यातच दिली आहेत. म्हणजे गणितवेडी म्हणतेय ते इथे कागदावर आहे.

पण अर्थाचा आग्रह डोक्यावर बसला की काय होतं तेही बघा. माझी मुलगी ६ + □ = ९ बघताक्षणी ३ सांगते. तरी तिने संख्यारेषेवर उड्या दाखवायच्या, मग गोल काढून तीन रंगवायचे, मग दोन भागांची पट्टी काढायची, वर ‘तुला कसं कळलं ते लिही’. तिला कळलं, बस्स! सहा वर्षांच्या मुलीने आणखी काय लिहायचं? ज्या मुलाला येत नाही त्याला चित्र द्या, मणी द्या. ज्याला येतं त्याला पुढे जाऊ द्या. शिकवणीवाल्यांचा पाठांतराचा मुद्दा मला इथे बसून जास्त पटतो. घरी मी दहाच्या जोड्या मराठीतच पाठ करून घेतल्या, त्याचा तिला शाळेत रोज उपयोग होतो.

शिकवणीवाला

धन्यवाद जर्सीकर. आणखी एक सांगतो. सातवी-आठवीत ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे सगळेच शिकवतात आणि मुलांची समीकरणं सुटतात. तेव्हा कुणी ओरडत नाही. मग दुसरीतच का ओरड?

गणितवेडी

सुटतात कुठे? आठवीच्या मुलाला ८ − क्ष = ३ घालून बघा. क्ष = ८ + ३ लिहिणारे भेटतातच. दुसरीतलं ११ तिथेही अकराच राहतं. वजा क्षला आहे, आठला नाही, हे दुसरीत मुठीतल्या चिंचोक्यांवर कळलं असतं. दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया करायची, ही समीकरणाची खरी रीत आहे. ‘=’ म्हणजे ‘उत्तर इथे’ हे डोक्यात पक्कं बसलेल्या मुलाला दोन्ही बाजू दिसतच नाहीत.

जर्सीकर, येतं त्याला पुन्हा पुन्हा चित्र काढायला लावू नये, एकदम मान्य. त्याला ९ = □ + ६ द्या, नाहीतर ६ + □ = ५ + ४ द्या. ते जमलं तर खरंच येतंय.

झेडपीची_ताई

यावरून आठवलं. मी फळ्यावर चार वाक्यं लिहिते आणि बरोबर की चूक एवढंच विचारते: ५ + ३ = ८, ८ = ५ + ३, ८ = ८, ५ + ३ = ४ + ४. पहिलं सगळ्यांना बरोबर वाटतं. दुसऱ्याला अर्धा वर्ग ‘उलटं लिहिलंय’ म्हणतो. ८ = ८ ला तर ‘यात गणितच नाही, बाई’ म्हणून चूक ठरवतात. चौथ्यावर भांडणं लागतात. मी उत्तर सांगत नाही, दोन्हीकडचे चिंचोके मोजायला लावते. वेगळं साहित्य काही लागत नाही आणि वीस मिनिटांत मुलं ‘दोन्हीकडे सारखे’ असं स्वतः म्हणायला लागतात. शिकवणीत हे करून बघायला काय हरकत आहे?

शिकवणीवाला

बाई, तुमच्याकडे पहिलीतलं मूल असतं, वेळ असतो. माझ्याकडे मोठं मूल जूनमध्ये येतं आणि त्याच वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा. त्याला चिंचोके देऊ?

गणितवेडी

त्याला चिंचोके नकोत, पण सराव बदला. गाईडमध्ये एका पानावर सगळी एकाच प्रकारची गणितं असतात. पहिलं सुटलं की बाकीची न वाचता सुटतात, आणि तोडगा खरा आहे असं मुलाला वाटतं. चारही प्रकार मिसळून द्या, त्यात दोन-तीन ठिकाणी ‘=’ डावीकडे आणा. वाचल्याशिवाय एकही सुटणार नाही. परीक्षेतही प्रश्न मिसळलेलेच येतात.

शिकवणीवाला

मिसळून द्यायला माझी हरकत नाही, पुढच्या बॅचला देईन. पण दहाच्या आणि वीसच्या जोड्या आधी पाठ, मग हे. बोटं मोजणाऱ्या मुलाला मिसळलेलं पान दिलं तर ते पहिल्या ओळीतच पेन्सिल खाली ठेवतं. हा क्रम मी बदलणार नाही.