अमेरिकी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्याचे कायदे: झाले खरे, अडतात कुठे?

कोरा_कागद
2015 चा क्ले हंट कायदा, 2020 चे हॅनन आणि कॉम्पॅक्ट, मग ब्रँडन. नावं पाठ झाली, पण माणसाच्या हातात नेमकं काय पडतं ते कळत नाही. सेवेतल्या शिपायाने "मला मदत हवी" म्हटलं तर पुढे काय होतं? आणि वर्दी उतरवल्यावर?

दप्तरदार
सेवेतल्यांसाठी ब्रँडन कायदा. ब्रँडन कॅसर्टा हा नौसैनिक 2018 मध्ये गेला, त्याच्या नावाचा. मंजुरी 2021 च्या डिसेंबरात, पण संरक्षण खात्याचा अंमलबजावणीचा आदेश निघायला मे 2023 उजाडला.

शिपायाने ई-5 (सैन्यात सार्जंट) च्या वरच्या हुद्द्याच्या कोणत्याही वरिष्ठाला मानसिक तपासणी हवी एवढंच सांगायचं. कारण द्यायची सक्ती नाही. वरिष्ठाने ऐकून घेऊन लवकरात लवकर डॉक्टरकडे पाठवायचं, "आधी ड्यूटी संपव" म्हणायचं नाही. कमांडरला कळतं ते गरजेपुरतंच: जिवाला धोका आहे का, कामावर ठेवता येईल का.

घोडं अडतं ते वरिष्ठापाशी. हा हक्क मागणं म्हणजे शिस्तभंग नव्हे, हे त्याच्या डोक्यात बसलेलं नसेल तर कायदा कागदावरच.

निळी_शाई
माजी सैनिकांसाठी कॉम्पॅक्ट बघा. 17 जानेवारी 2023 पासून लागू. जीव द्यायचे विचार अनावर झाले की माजी सैनिक खात्याच्या किंवा बाहेरच्या कुठल्याही रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं. भरती राहून 30 दिवस, बाहेरून 90 दिवस उपचार, खर्च सरकारचा. खात्यात आधी नाव नोंदलेलं नसलं तरी चालतं.

गडबड बिलात होते. बाहेरच्या रुग्णालयाने 72 तासांच्या आत खात्याला कळवायचं असतं. तिथला कारकून नेहमीचा रुग्ण म्हणून नोंद करतो आणि दोन महिन्यांनी बिल माणसाच्या घरी! म्हणून सोबतच्या माणसाने खिडकीवरच सांगावं: "हे माजी सैनिक आहेत, आत्महत्येच्या विचारांमुळे आणलंय, खात्याला आजच कळवा." वाट बघण्याइतका वेळ नसेल तर 988 या मदतवाहिनीला फोन लावून 1 दाबायचा.

तिरकस
दोघांचंही बरोबर, पण हे सगळं गळ्याशी आल्यावरचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दहापैकी सुमारे सात आत्महत्यांत बंदूक असते. विचारांचा उमाळा बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ हत्यार कुलपात किंवा दुसऱ्याकडे असलं की माणूस वाचण्याची शक्यता वाढते.

2023 च्या फेब्रुवारीत स्वतंत्र समितीने संरक्षण खात्याला 127 शिफारशी दिल्या. त्यांत छावणीतल्या दुकानातून बंदूक घेताना 7 दिवस थांबा, गोळ्यांसाठी 4 दिवस, वय किमान 25, असंही होतं. सप्टेंबरात खात्याने बऱ्याच शिफारशी उचलल्या, नेमक्या या तेवढ्या बाजूला राहिल्या. त्यात 2011 च्या कायद्याने कमांडरला शिपायाच्या खासगी बंदुकीबद्दल विचारायचीच बंदी केली. दोन वर्षांनी ती सैल झाली, धोक्याची शंका असेल तर विचारता येतं. पण शंका यायला आधी माणसाकडे लक्ष हवं ना.

इस्रायलने 2006 मध्ये एकच गोष्ट केली: सुट्टीला घरी जाताना रायफल छावणीत ठेवायची. आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी उतरल्या. घट मुख्यतः आठवड्याच्या सुट्टीतली, आणि इतर वारी त्या वाढल्या नाहीत. "एक वाट बंद केली तर दुसरी शोधतील" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

निळी_शाई
+1. माजी सैनिक खातं बंदुकीची केबल-कुलपं फुकट देतं, फक्त मागायला हवी.

सेवा सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष जपायचं. त्यासाठी 2019 च्या डिसेंबरपासून 'सॉलिड स्टार्ट': वर्षभरात तीन टप्प्यांत फोन, 90, 180 आणि 365 दिवसांच्या आत. सेवा सोडताना दिलेला नंबर बदलला तर ते फोन जाणार कुठे? निघण्याआधी नवा नंबर आणि जवळच्या एकाचा नंबर नोंदवावा.

कोरा_कागद
आणि सेवामुक्तीच्या कागदावर 'अदर दॅन ऑनरेबल' (सन्मानाने नव्हे) असा शेरा असेल तर?

दप्तरदार
तो शेरा आणि 'डिसऑनरेबल' यांत फार अंतर आहे. पहिला प्रशासकीय, दुसरा कोर्टमार्शलचा. पहिल्याने कॉम्पॅक्टचं दार आपोआप बंद होत नाही. संकटात असेल तर आधी आत घ्यायचं, पात्रतेचे कागद मागाहून. कुणी खिडकीवरून परत पाठवलं तर तिथल्या आत्महत्या-प्रतिबंध समन्वयकाला बोलवायला सांगा. खात्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात तो असतो.